घोडखिंडीतले बाजीप्रभू मुशा-ए पद्धतीनं : लाकूडठसा कुठे चुकतोय?

दांडियाबाजार, वडोदरा

नमस्कार मंडळी. घोडखिंडीतल्या बाजीप्रभूंचं चित्र जपानी मुशा-ए पद्धतीनं, म्हणजे तिथल्या वीरांच्या लाकूडठशांच्या पद्धतीनं, छापायला घेतलं आहे. नमुना म्हणून समोर जपानी चित्रकार उतागावा कुनियोशीची १८२७ पासून निघालेली, सुइकोदेन या चिनी कादंबरीतल्या वीरांची मालिका आहे. एका कागदावर एकच वीर, तोही चौकटीत न मावणारा, आणि वर कोपऱ्यात नावाची पाटी.

कागद उभा, ३८ बाय २६ सेंटिमीटर. रेषेचा ठसा एक, रंगाचे सहा. फळी सागाची, १८ मिलिमीटर जाड. कागद सांगानेरचा सुती हातकागद. काळ्यासाठी बाटलीतली वॉटरप्रूफ शाई, बाकी पोस्टर कलर. दाबायला लाकडी डाव. रंगाच्या ठशांवर चित्र ट्रेसिंग पेपरनं उतरवलं आहे.

पहिल्या दहा प्रती काढल्यावर दिसलेले दोष असे. चिलखताच्या कड्या साधारण ४ मिलिमीटरच्या आहेत, त्यातली निम्मी रेघ कोरताना किंवा दाबताना मोडते. काळा सपाट भाग तीळ पेरल्यासारखा ठिपकेदार येतो. रंग डाव्या खालच्या कोपऱ्यात बरोबर बसतो, पण वर जाऊ तसा रेषेबाहेर सरकतो, वरच्या कडेला पावणेदोन मिलिमीटर. तिसऱ्या-चौथ्या रंगाला कागदाची लव उठते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पेन्सिलीत जोरदार वाटणारी आकृती छापल्यावर थिजते. कुनियोशीच्या वीरात जो ताण दिसतो तो नेमका कुठून येतो? काळ्या चिलखताची चकाकी कशी आणतात तेही हवं आहे.

---

कोरीव

दांडियाबाजारकर, साग आधी बाजूला ठेवा. पेथापूरचे कारागीर कापडछपाईचे ठसे सागातच कोरतात आणि ते टिकतातही, त्यामुळे आपल्याकडे ठसा म्हटलं की साग हेच सुचतं. पण कापडाच्या ठशाची रेघ जाड असते. सागाची छिद्रं मोठी आणि वर्षवलयाबरोबर रांगेनं येणारी. अर्ध्या मिलिमीटरची रेघ अशा रांगेवर आली की तिथेच तुटणार. शिवाय सागात अंगचं तेल असतं, त्यावर पाण्यातला रंग पसरायचं सोडून थेंबाथेंबानं गोळा होतो. तुमच्या काळ्यातले थोडे ठिपके तिथूनच येत असणार.

जपानात यामाझाकुरा, म्हणजे डोंगरी चेरीची फळी वापरत. कठीण, छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी. तिच्या जवळ जाणारं आपल्याकडचं लाकूड म्हणजे हेदू. पिवळसर, दाट, सुरीखाली चुरा न होणारं. शिवण त्याहून मऊ, पण आकसत-फुगत कमी. रेषेच्या ठशाला हेदू आणि रंगाच्या ठशांना शिवण अशी वाटणी करा. जाडी २० ते २५ मिलिमीटर, फळी पूर्ण मुरलेली. रेषेला एक आणि रंगाला तीन, अशा चार फळ्या पुरतात, कारण रंगाच्या फळ्या दोन्ही बाजूंनी कोरायच्या असतात.

आता कड्या का मोडतात ते. रेघेचा आडवा छेद डोंगरासारखा हवा: माथ्याला बारीक, पायथ्याला रुंद. त्यासाठी सुरीची मूठ रेघेच्या अंगाला झुकलेली आणि टोक खाली जाताना रेघेपासून लांब जाणारं हवं. मूठ उलटी झुकली की रेघेचा पाया आतून पोखरला जातो. मग ती कोरताना टिकली तरी घासताना आडवी होते. आधी रेघेच्या दोन्ही बाजूंना हे काप घ्यायचे, मग दोन-तीन मिलिमीटर सोडून समोरून दुसरा काप घ्यायचा, की मधली चिपटी आपोआप निघते. मोगरी आणि गोल पटाशी फक्त मोकळ्या जागेत चालवा. रेघेलगतची तीन मिलिमीटरची पट्टी शेवटी हातानं काढायची. रेघेजवळ खोली दीड-दोन मिलिमीटर पुरे, पण मोकळी जागा रुंद असेल तिथे चार-पाच मिलिमीटर उतरा, नाहीतर ओला कागद झोळ पडून तळाचा रंग उचलतो.

चार मिलिमीटरची बंद कडी मुळात कोरूच नका. आतला गोल काढताना तंतूंना आडवा येणारा भाग सुटतोच. त्याऐवजी उघडे कंस घ्या, एका ओळीत डावीकडे उघडे आणि खालच्या ओळीत उजवीकडे. डोळा कड्या स्वतः जोडून घेतो. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. रेषेच्या ठशात कड्या फक्त कडेला आणि चुण्यांवर ठेवा. छातीवरच्या कड्या राखाडी रंगाच्या ठशात एक मिलिमीटरच्या गोल कोरणीनं खोदा, म्हणजे त्या कागदाच्या पांढऱ्यात उमटतील. खोदलेली रेघ मोडायचा प्रश्नच नाही, आणि धातूवरचा उजेड फुकट मिळतो.

मोडलेल्या जागी फळी टाकून द्यायची गरज नाही. तिथे पाचरीच्या आकाराची खाच घ्या, त्याच लाकडाचा तुकडा तंतू त्याच दिशेला ठेवून सरसानं बसवा, वाळल्यावर पटाशीनं सपाट करा आणि नव्यानं कोरा. जपानी कारागीर हेच करत.

मिशा आणि कल्ले शेवटाला ठेवा. जुन्या कार्यशाळांत चेहरा, केस आणि हात मुख्य कोरक्याकडे असत, कपड्यांवरची नक्षी शिकाऊंकडे. चित्रकार केसांची फक्त बाहेरची हद्द काढून देई, एकेक केस कोरकाच सोडवी. केस कातडीत शिरतो तिथे टोक निमुळतं करत शून्यावर आणायचं. हे टोक बोथट राहिलं की मिशी चिकटवल्यासारखी दिसते.

---

फळीफळी

कोरीव यांच्याशी सागाबाबत सहमत, पण रंगाच्या ठशांना भरीव लाकूडच हवं असं नाही. वडोदऱ्यात मे महिन्यात फळी तडकते आणि जुलैत फुगते. सपाट रंगासाठी बारीक थरांचं, आत पोकळी नसलेलं चांगलं प्लायवुड घ्या, वरचा थर किमान एक मिलिमीटरचा. कोरलेल्या कडांवर पातळ लाखेचा एक हात द्या, म्हणजे थर सुटत नाहीत. छापायच्या माथ्यावर मात्र लाख लागू देऊ नका, रंग धरत नाही.

भरीव फळी वापरलीत तर ती वाकते ती एकाच बाजूनं पाणी प्यायल्यामुळे. छापायला बसण्याआधी मागची बाजूही ओल्या फडक्यानं पुसा, आणि नंतर उभी ठेवा, दोन्हीकडून वारा लागेल अशी. भिंतीला चिकटवून ठेवलेली फळी हमखास वाटीसारखी होते. जुन्या जपानी फळ्यांच्या दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या खाचेत बसवलेल्या दिसतात, त्या याचसाठी.

---

खळवाला

मी कागद, रंग आणि खाचांबद्दल लिहितो.

रंग सरकण्याचा दोष तुम्ही फार नीट टिपला आहे, त्यातच उत्तर आहे. जपानी ठशात कागद टेकवायला दोन खाचा असतात, त्यांना केंतो म्हणतात. फळीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात (छापलेल्या चित्रात तो डावा येतो) काटकोनी खाच आणि खालच्याच कडेला डावीकडे सरळ खाच. सगळा रंग एकाच दिशेला सारखाच सरकला तर चूक खाचेची असते. प्रत्येक प्रतीत वेगवेगळा सरकला तर कागद टेकवणाऱ्या हाताची, किंवा कागदाची कड सरळ कापलेली नसते. पण खाचेजवळ बरोबर आणि लांब जाऊ तसा जास्त चुकत असेल, तर कागद आकसला आहे. ओल्या कागदावर रेषा छापली, रंगाला येईपर्यंत तो वाळला. ३८ सेंटिमीटरचा कागद अर्धा टक्का आकसला तरी १.९ मिलिमीटर होतात. तुमचे पावणेदोन इथेच आले.

म्हणून सगळे रंग संपेपर्यंत कागदाची ओल एकसारखी ठेवायची. आदल्या रात्री एक कागद ओल्या कुंच्यानं पुसायचा, त्यावर एक कोरडा, असं रचत जायचं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर सपाट वजन. सकाळी कागद गालाला गार लागला पाहिजे, पण पाण्याची चमक दिसता कामा नये. छापताना पंखा बंद. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू असला तर बरं, हवा दमट राहते. हातातला कागद सोडून बाकी गठ्ठा ओल्या फडक्याखाली. पावसाळ्यात उलट: ओला गठ्ठा दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवला तर बुरशीचे ठिपके येतात. काम अर्धवट राहिलं तर प्लास्टिकसकट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा.

ट्रेसिंग पेपर मात्र सोडाच. खरी रीत अशी: रेषेचा ठसा खाचांसकट कोरून झाला की त्याच्याच प्रती पातळ कागदावर काढायच्या, खाचांच्या खुणा उमटलेल्या. प्रत्येक प्रतीवर एकेका रंगाची जागा लाल खडूनं भरायची आणि ती प्रत रंगाच्या फळीवर तोंड खाली करून खळीनं चिकटवायची. वाळत आल्यावर ओल्या बोटानं मागचा कागद वळकट्या करत काढायचा, शेवटचा थर राहू द्यायचा, तेलाचं बोट फिरवलं की रेषा स्पष्ट दिसते. सगळे ठसे एकाच आईची लेकरं असली की खाचा आपोआप जुळतात. रेषेच्या ठशासाठी मूळ चित्रही असंच उलटं चिकटवतात, आणि कोरताना ते चित्र संपतं, म्हणून आधी नक्कल करून ठेवा.

खाचेची खोली कागदाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त, एक मिलिमीटरच्या आत. फार खोल खाचेत कागदाची कड वाकते. खाच थोडी चुकली तर एका बाजूला पटाशीनं सरकवता येते, दुसऱ्या बाजूला पातळ चिपटी चिकटवावी लागते.

आता लव. तुमच्या हातकागदात सुताचा तंतू आखूड आहे. कोझोच्या सालीचा जपानी कागद लांब तंतूंचा, म्हणून तो वीस वेळा घासला तरी सोसतो. कोझो परवडत नसेल तर नेपाळी लोकता कागद चालतो, तो लांब तंतूंचाच आहे, फक्त जाडी एकसारखी असलेले ताव उजेडात धरून निवडा. कुठलाही घेतलात तरी त्याला दोसा द्यावा लागेल. नाव परकं, वस्तू घरची: सरस आणि तुरटी. एक लिटर पाण्यात १५ ते २० ग्रॅम सरस रात्रभर भिजवा. सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, उकळू देऊ नका, उकळलं की सरसाचा चिकटपणा जातो. सरसाच्या निम्मी तुरटी वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून शेवटी घाला. कोमट असतानाच रुंद कुंच्यानं एक हात द्या आणि सावलीत टांगा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला तर दोसा कमी, रंग फुटणार. पानावरच्या दवासारखा बसूनच राहिला तर जास्त, रंग आत शिरणार नाही. तुरटी वाढवू नका, कागद काही वर्षांत कडक होऊन मोडतो.

काळ्याचे ठिपके तीन कारणांनी येतात: कागद कोरडा, खळ कमी, किंवा दाब कमी. तुमच्याकडे चौथंही आहे, वॉटरप्रूफ शाई. तिच्यात लाख असते, ती फळीवर वाळून बसते आणि बारीक रेषा भरून टाकते. काजळीची पूड घ्या. पाण्यात ती तरंगते, म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवा, मग पाणी आणि थोडा सरस. खळ तांदळाच्या पिठाची: एक भाग पीठ, पाच भाग पाणी, पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर ढवळा, गाळून घ्या. सपाट भागासाठी फळीवर चमचाभर रंग आणि वाटाण्याएवढी खळ, कुंचल्यानं गोल फिरवून मिसळा, शेवटचे हात सरळ. खळ जास्त झाली तर कडेला पांढुरकी रेघ सुटते. आपल्या हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते, रोज ताजी करा. गाढ काळा एका दाबात येत नाही, दोनदा छापावा लागतो.

पोस्टर कलरमध्ये पांढरी भर असते, त्यानं खालची रेषा झाकली जाते. शुद्ध रंगाची पूड पाण्यात घोटून घ्या. तांबड्यासाठी गेरू. जपानी त्याला बेंगारा म्हणतात आणि तो शब्द बंगालवरून गेला आहे. निळ्यासाठी नीळ किंवा प्रशियन निळा. हा दुसरा जपानात १८३० च्या सुमारास भरपूर वापरात आला आणि आभाळाच्या उतरत्या छटा त्यानंच खुलल्या. हरताळ आणि शेंदूर जुन्या ठशांत आहेत, पण तुम्ही हात लावू नका. एकात आर्सेनिक, दुसऱ्यात शिसं. शिवाय हरताळातल्या गंधकामुळे शेजारचा शेंदूर काळा पडतो. करडईचा गुलाबी उजेडात उडतो.

डाव ठेवून द्या. त्याचा दाब एका बिंदूवर येतो. बारा-तेरा सेंटिमीटरच्या तबकडीवर पीळदार दोरी चक्राकार चिकटवून वर घट्ट कापड ताणलं की कामचलाऊ बारेन, म्हणजे कागद मागून घासायची जपानी तबकडी, होतं. दोरीच्या पिळाचे उंचवटे हेच खरं काम करतात. बारेन आणि कागद यांच्यामध्ये बटरपेपर धरा, लव उठायची थांबेल.

---

दांडियाबाजार, वडोदरा

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. आकसण्याचं गणित तंतोतंत जुळलं. हेदूची फळी शोधतो. चकाकी आणि आकृती राहिली. शिवाय नावाच्या पाटीजवळ छोटे शिक्केही घ्यावेत असं मनात आहे, ते कसे असावेत?

---

अकीक

चकाकी दोन प्रकारांनी येते, दोन्ही मुशा-एमध्ये आहेत.

पहिली शोमेनझुरी, म्हणजे तोंडाकडून घोटणं. काळा दोनदा छापून कागद जवळजवळ वाळू द्यायचा. मग नक्षी कोरलेल्या, रंग न लावलेल्या फळीवर तो चित्राची बाजू वर करून ठेवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं. खाली उंचवटा असेल तिथे काळा चकाकतो, बाकी मंद राहतो. काळ्यावर काळी नक्षी, कागद तिरपा धरला तरच दिसणारी. यात लोक हमखास चुकतात ते असं: एरवी चित्र फळीवर उलटं कोरतात कारण कागद तोंड खाली करून ठेवला जातो. इथे कागद तोंड वर आहे, म्हणून नक्षी सुलटी कोरायची आणि काटकोनी खाच डावीकडे घ्यायची. ढालीच्या काळ्या कातड्यावर ही नक्षी फार शोभेल.

जपानी कारागीर डुकराचा सुळा किंवा चिनी माती वापरत. तुम्हाला इतकं लांब जायला नको. खंभातचा अकीक वडोदऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्याकडचे चित्रकार कागद त्यानंच घोटत आले. अंगठ्याएवढा, कडा गोल केलेला घ्या. कागद ओला असेल तर काळा उचकटतो, पूर्ण कोरडा असेल तर चकाकी येत नाही, म्हणून बोटाला किंचित गार लागेल तेव्हाच घोटा.

दुसरी काराझुरी: रंग न लावलेल्या फळीवर ओला कागद नेहमीप्रमाणे तोंड खाली ठेवून जोरानं दाबायचा, की नक्षी उठावात येते. पांढऱ्या अंगरख्याच्या शिवणी, मुंडाशाचे पीळ यासाठी. हे सगळे रंग संपल्यावर, कारण नंतर एकही रंग छापला तरी उठाव चेपतो. फळीच्या कडा पॉलिश पेपरनं गोल करा, धारदार राहिल्या तर कागद फाटतो.

पट्ट्याच्या पात्यासाठी अभ्रक. फक्त खळ छापा, ओली असतानाच अभ्रकाची पूड चाळणीनं भुरभुरा, वाळल्यावर मऊ कुंच्यानं झटका.

रक्त दाखवायचं असेल तर जपून. कुनियोशीचा शिष्य योशितोशी यानं १८६६-६७ च्या रक्तरंजित मालिकेत तांबड्यात सरस घालून ते ओलसर, चिकट दिसेल असं छापलं होतं. तसा सरस घातला तर ती जागा पूर्ण वाळल्याशिवाय कागद रचू नका, एकमेकांना चिकटतात.

---

रेघोट्या

आकृती थिजण्याचं कारण ठशात नाही, रेखाटनात आहे. पेन्सिलीत छटा असतात, त्या दोष झाकतात. ठशात दोनच गोष्टी उरतात, रेघ आणि सपाट रंग.

कुनियोशीच्या मालिकेतला चोजुन बघा. पाण्याखालच्या दरवाजाचे गज तो दोन्ही हातांनी वाकवतो आहे, तलवार दातांत. गज अजून पूर्ण वाकलेले नाहीत. वार झाल्यावरचा क्षण त्यात नाही, सगळं बळ अडून राहिलेला क्षण आहे. बाजीप्रभूंची गोष्टही अडवून धरण्याचीच आहे. त्यामुळे पट्टा हवेत फिरवणारे बाजी काढण्यापेक्षा खिंडीच्या दोन कातळांमध्ये स्वतःला पाचरीसारखं रोवलेले बाजी काढा. एक पाय कातळावर, गुडघा वाकलेला, पाठ दुसऱ्या कातळाला. दोन कातळांच्या रेषा आत झुकतात आणि माणूस त्यांना बाहेर रेटतो, इथेच चित्राचा ताण तयार होतो.

चौकट जवळ आणा. डोकं वरच्या कडेपासून बोटभर, पट्ट्याचं टोक चौकटीबाहेर कापलेलं. सगळी आकृती मोकळी, भोवती हवा, असं झालं की कॅलेंडरवरचं चित्र होतं. धड एका दिशेला वळवा, मान उलट दिशेला. पायाची बोटं काढायला विसरू नका. मुशा-एमध्ये बोटं जमिनीत रुतलेली, आखडलेली असतात, अंगठा वर उचललेला. बळ कुठे लागलं आहे हे बघणाऱ्याला पायावरून कळतं.

डोळे: काबुकीतला नट मोक्याच्या क्षणी थबकतो आणि बुबुळं नाकाकडे आणतो, तीच नजर या ठशांत आली. बुबुळाला पापणीचा स्पर्श फक्त वरच्या बाजूला ठेवा, खाली पांढरं दिसू द्या. भुवया आणि नाकपुडीची रेघ चित्रातली सगळ्यात जाड रेघ असली तरी चालेल. कातळाची रेघ तुटक, खरबरीत, अंगाची सलग, कपड्याची सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती. सगळीकडे एकाच जाडीची रेघ हेच थिजण्याचं मुख्य कारण.

अंगरख्याच्या कापडावर बुट्टी असेल तर ती सपाटच ठेवा, चुणीबरोबर वळवू नका. विचित्र वाटेल, पण सपाट नक्षी आणि तिच्यावरून धावणाऱ्या चुणीच्या रेषा यांच्या ओढाताणीतूनच त्या कपड्याला जोर येतो.

१६६० चा आषाढ आहे, म्हणजे पाऊस हवाच. पावसाच्या रेषा रेषेच्या ठशात नकोत, वेगळ्या ठशात फिक्या राखाडीनं. एकाच दिशेनं तिरप्या, लांब, साधारण पाऊण सेंटिमीटरवर एक, पण चेहऱ्यावरून दोनच जाऊ द्या. लांब बारीक रेघ तंतूंच्या दिशेनं असली तर टिकते, म्हणून या एका फळीवर चित्राची प्रत तिरपी चिकटवा, पाऊस आणि तंतू समांतर येतील इतकी. फळी थोडी मोठी लागेल, पण खाचा प्रतीवरच्या खुणांवरून कोरायच्या असल्यामुळे जुळणीत फरक पडत नाही.

वडोदऱ्यात आहात तर कीर्तिमंदिरात जाऊन नंदलाल बोस यांनी भिंतीवर रंगवलेलं महाभारतयुद्ध निवांत बघा. नंदलाल १९२४ साली जपानला जाऊन आले होते. गर्दीच्या युद्धात रेघ आकृत्यांना कशी बांधून ठेवते हे तिथे भिंतीएवढं मोठं दिसतं. आणि चिलखत, ढाल, मुंडासं यांचे मराठी आकार हवे असतील तर तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं आहेतच. पट्ट्याची मूठ मात्र खऱ्या हत्यारावरून काढा. हात कोपरापर्यंत लोखंडी नळीत जातो, मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून येतो. मनगट वळलेलं काढलंत तर जाणकार पहिल्या नजरेत ओळखेल.

---

मोडीमित्र

शिक्क्यांबद्दल. जुन्या ठशांवर चित्रकाराची सही, प्रकाशकाची खूण आणि छापायला परवानगी देणाऱ्या तपासनिसाचा शिक्का असे तिघे वेगवेगळे असतात. १७९० च्या दशकापासून १८४२ पर्यंत 'किवामे' असा छोटा गोल शिक्का, पुढे तपासनिसांच्या नावाचे, १८४७ ते १८५२ मध्ये दोन नावांचे जोडीनं, नंतर तारखेचा. अभ्यासक ठशाचं साल यावरूनच ओळखतात. म्हणून शोभेसाठी किवामेची नक्कल कोरू नका, तो खोट्या सालाचा दाखला होतो.

तपासणीचा वीरांच्या चित्रांशी थेट संबंध होता. १८०४ साली चित्रकार उतामारोला सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या चित्रांवरून शिक्षा झाली, हात पन्नास दिवस बेड्यांत. त्यानंतर हिदेयोशीच्या काळातले वीर खऱ्या नावानं छापता येईनात. कुनियोशीच्या पुढच्या एका मालिकेत हिदेयोशी 'माशिबा हिसायोशी' होऊन येतो, पण वाचणाऱ्याला सगळं कळत असे. तुम्हाला नाव लपवायचं कारण नाही, तेव्हा पाटी मोठी आणि ठळक घ्या.

पाटी मोडीत करा. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगतात, हात उचलावा लागत नाही. कोरायला हे सोयीचं, कारण सलग वळणाच्या रेघेला सुटी टोकं कमी, मोडायला जागा कमी. फक्त शिरोरेघ आडवी आणि लांब आहे, ती तंतूंना आडवी येत असेल तर पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक करू नका. पाटी आडवीच ठेवा. मोडी उभी लिहिली तर शिरोरेघ तुटते आणि अक्षर ओळखू येत नाही. पाटीखाली तुमची स्वतःची मुद्रा, सव्वा सेंटिमीटरची, गेरूत. मुद्रेला वेगळी फळी लागत नाही, तांबड्याच्याच ठशात कोपऱ्यात कोरा. 'र' आणि 'स' कोरताना उलट-सुलट गोंधळ होतो, म्हणून चिकटवलेली प्रत आरशात वाचून मगच सुरी लावा.

---

खळवाला

एक राहिलं, छपाईचा क्रम. आधी रेषा. मग लहान जागा आणि फिके रंग: कातडी, गेरू, पिवळा. मग मोठ्या जागा: अंगरखा, कातळ. मग दोनदा काळा. त्यानंतर आभाळाची उतरती छटा: फळीचा वरचा भाग ओल्या फडक्यानं पुसायचा, कुंचल्याच्या एकाच टोकाला रंग घेऊन आडवा हात फिरवायचा, की रंग खाली स्वतः विरतो. फळी कोरडी राहिली तर छटेऐवजी सरळ कड उमटते. मग पाऊस. त्यानंतर उठाव, कागदात ओल असेतोवर. मग कागद जवळजवळ वाळू द्यायचा आणि घोटाई करायची, घोटताना दगड उठावाच्या जागांवर जाऊ द्यायचा नाही. अभ्रक सगळ्यात शेवटी. एका बैठकीला वीसच कागद घ्या, जास्त घेतले तर शेवटचे वाळतात आणि पुन्हा तोच पावणेदोन मिलिमीटरचा घोळ. पहिल्या दोन-तीन प्रती फळी रंग पिण्यात जातात, त्या साध्या कागदावर काढा. दोसा दिलेले कागद पावसाळ्याआधीच तयार करून ठेवा. श्रावणात सरस वाळता वाळत नाही आणि वास धरतो.